दूरचित्रवाणीवरील विनोद आणि शेजारी राष्ट्राची प्रतिमा

शेजारी राष्ट्राविषयी सामान्य माणसाच्या मनात जी प्रतिमा असते ती इतिहासग्रंथांपेक्षा विनोदाने अधिक घडविलेली असते, असे मत वारंवार मांडले जाते. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर रंगविला गेलेला जर्मन मनुष्य हे ह्या मताच्या परीक्षणास सोयीचे उदाहरण होय.

बी.बी.सी.ने १९६८ ते १९७७ ह्या काळात प्रसारित केलेल्या ‘डॅड्स आर्मी’ ह्या मालिकेत महायुद्धकालीन गृहरक्षक दलातील वयस्क स्वयंसेवकांची फजिती दाखविली आहे. तीत जर्मन शत्रू बहुधा पडद्याआडच राहतो. हसू येते ते स्वदेशीयांच्या बडेजावाचे. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसारित झालेला ‘फॉल्टी टॉवर्स’ ह्या मालिकेचा ‘द जर्मन्स’ हा भाग ह्याहून पुढे जातो. जॉन क्लीझ व कॉनी बूथ ह्यांनी लिहिलेल्या ह्या भागात हॉटेलचालक बेझिल जर्मन पाहुण्यांपुढे युद्धाचे नाव काढू नये असे इतरांना बजावतो आणि स्वतः मात्र पदोपदी तेच नाव काढतो. पाहुणे सभ्य आहेत. त्यांतील एका स्त्रीला रडू कोसळते. उपहासाचा विषय येथे जर्मन नसून, तीस वर्षांपूर्वीच्या विजयातून अद्याप बाहेर न पडलेला इंग्रज आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ब्रिटिश मतदारांनी युरोपीय आर्थिक समुदायात राहण्याच्या बाजूने सुमारे ६७ टक्के कौल दिला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या उपहासाची समयोचितता पटते.

तथापि लेखकाचा रोख आणि प्रेक्षकाचे ग्रहण ह्या दोन भिन्न गोष्टी होत. बेझिलची ती ताकीद मूळ प्रसंगापासून सुटली आणि जर्मनांविषयी बोलताना वापरावयाचे तयार वचन बनली. १९९६ साली युरोपीय फुटबॉल स्पर्धेत इंग्लंड व जर्मनी ह्यांचा उपान्त्य सामना झाला, त्यापूर्वी काही ब्रिटिश वृत्तपत्रांनी महायुद्धाचीच परिभाषा योजिली व त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. ह्याचा दोष विनोदी मालिकांच्या माथी मारता येणार नाही. परंतु तो साचा वाचकांच्या परिचयाचा होता, एवढे निश्चित.

ह्या ग्रहणभेदाचा अभ्यास वांशिक पूर्वग्रहाच्या संदर्भात झालेला आहे. ‘टिल डेथ अस डू पार्ट’ ह्या ब्रिटिश मालिकेच्या आधारे १९७१ साली ‘ऑल इन द फॅमिली’ ही अमेरिकन मालिका निघाली. आर्ची बंकर ह्या पूर्वग्रहदूषित गृहस्थाचा उपहास हा तिचा हेतू. नील विडमार व मिल्टन रोकीच ह्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, पूर्वग्रह असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांना मालिका आवडत होती. मात्र पूर्वग्रह अधिक असलेल्यांचा कल आर्चीचे कौतुक करण्याकडे होता. एकाच विनोदाने एकाचा पूर्वग्रह उघडा पडला, तर दुसऱ्याचा पुष्ट झाला.

जर्मनीतील चित्र मात्र निराळे आहे. ‘डिनर फॉर वन’ हे छोटे इंग्रजी प्रहसन १९६३ साली हॅम्बुर्गच्या दूरचित्रवाणी केंद्राने मुद्रित केले. वर्षअखेरच्या रात्री ते पाहण्याचा तेथे प्रघातच पडला आहे. ब्रिटनमध्ये मात्र ते दीर्घकाळ जवळजवळ अपरिचित राहिले. वृद्ध मालकीण आणि तिच्या अनुपस्थित पाहुण्यांच्या वाट्याचे मद्य स्वतः पिणारा स्वामिनिष्ठ सेवक, असे इंग्रजांचे चित्र त्यात आहे. हाही साचाच, पण त्यात वैराची आठवण नाही.

सारांश, विनोद मनोवृत्ती सहसा नव्याने निर्माण करीत नाही. अस्तित्वात असलेल्या मनोवृत्तीस तो रूप, वाक्प्रयोग आणि पुनरावृत्तीचे बळ पुरवितो. म्हणून संशोधकाने केवळ संहितेचे विवेचन करून थांबू नये. कोण, कशास आणि कोणत्या पूर्वस्मृतीसह हसतो, हे तपासल्यावाचून शेजाऱ्याविषयीच्या त्या हसण्याचा अर्थ हाती लागणार नाही.