विश्लेषण : एका पानासाठी ब्राउझर सहा जोडण्या का उघडतो?

मोबाइलवर एखादे पान उघडताना आधी मजकूर दिसतो, मग छायाचित्रे तुकड्यातुकड्याने येतात. आपण नेटवर्कला किंवा डेटा प्लॅनला दोष देतो. पण उशिराचे कारण अनेकदा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांत असते.

एका पानासाठी किती मागण्या?

वेबपान ही एकच फाइल नसते. मजकूर, मांडणी, फॉन्ट, छायाचित्रे, जावास्क्रिप्ट असे सारे स्वतंत्रपणे मागवावे लागते. बातमीच्या एका पानासाठी या मागण्या पन्नास-साठच्या पुढे सहज जातात.

एक जोडणी का पुरत नाही?

१९९७ मध्ये आलेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत एकच जोडणी पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय झाली. मात्र उत्तरे मागणीच्या क्रमानेच द्यायची होती. तिकीट खिडकीवर पुढच्या माणसाला दहा जणांची तिकिटे काढायची असतील, तर मागच्याला एका तिकिटासाठी ताटकळावे लागते. तसेच मोठ्या छायाचित्रामागे छोट्या फाइल अडकत. शिवाय नवी जोडणी सुरुवातीला जपून, थोडीच माहिती पाठवते आणि मग वेग वाढवते. म्हणून ब्राउझरनी एकाऐवजी अनेक खिडक्या उघडल्या.

मग सहाच का?

१९९९ च्या सुधारित नियमावलीने एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त जोडण्या ठेवू नयेत, असे सुचवले होते. प्रत्येक जोडणी सर्व्हरची मेमरी खाते. शिवाय गर्दीच्या मार्गावर क्षमता साधारणपणे जोडण्यांमध्ये वाटली जाते. जास्त जोडण्या उघडणारा इतरांचा वाटाही घेतो. पण पाने जड होत गेली. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आणि २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ८ यांनी ही मर्यादा सहावर नेली. क्रोमचाही आकडा सहाच. २०१४ मध्ये नियमावलीतून ‘दोन’ हा आकडा गेला, संयमाचा सल्ला मात्र राहिला. काही संकेतस्थळांनी छायाचित्रे वेगवेगळ्या उपनावांवर ठेवून सहाची मर्यादाही ओलांडली.

आता काय बदलले?

२०१५ च्या एचटीटीपी २ ने एकाच जोडणीतून अनेक मागण्या-उत्तरे एकाच वेळी नेण्याची सोय केली. त्यातही एक उणीव राहिली. वाटेत माहितीचा एक तुकडा हरवला, तर तो पुन्हा येईपर्यंत त्या जोडणीवरचे सारेच थांबते. सहा जोडण्या असताना एकच थांबत असे. त्यामुळे कमकुवत सिग्नलवर कधी कधी जुनी पद्धतच बरी ठरे. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी ३ मध्ये तुकडा हरवला, तरी फक्त ज्या फाइलचा तो असेल तीच खोळंबते. वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना जोडणी न तोडण्याची तरतूदही त्यात आहे.

वाचकाला याचा अर्थ काय?

संकेतस्थळ जुन्याच पद्धतीवर चालत असेल, तर त्यासाठी ब्राउझर आजही सहा खिडक्या उघडतो आणि बाकीच्या मागण्या रांगेत उभ्या राहतात. अशा वेळी महागडा प्लॅन घेऊन फारसा फरक पडत नाही, कारण बराच वेळ माहिती उतरवण्यात नव्हे, तर उत्तराची वाट पाहण्यात जातो. ही रांग कमी करणे संकेतस्थळ चालवणाऱ्यांच्याच हाती असते.