पन्नास किलोमीटरच्या चौकटीतला गोवा

हवामानबदलाचा भारतावर काय परिणाम होईल, याचे क्षेत्रनिहाय मूल्यमापन करणारा अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध केला. जयराम रमेश तेव्हा पर्यावरणमंत्री होते. शेती, पाणी, नैसर्गिक परिसंस्था व आरोग्य ही चार क्षेत्रे आणि हिमालय, ईशान्य भारत, पश्चिम घाट व किनारपट्टी हे चार प्रदेश, असा त्याचा आवाका होता. अंदाज होता तो २०३० च्या दशकाचा. ते दशक आता उंबरठ्याशी आले आहे. चारपैकी दोन प्रदेशांत गोव्याची भूमी येते. त्यामुळे हे अंदाज कसे बांधले जातात, हे येथील वाचकाने जाणून घेतलेले बरे.

जगात हरितगृह वायू किती सोडले जातील, हे आधी गृहीत धरले जाते. त्यावरून प्रादेशिक प्रारूप देशाचे तापमान व पाऊस वर्तवते. या अहवालासाठी ब्रिटनच्या हॅडली केंद्राचे ‘प्रेसिस’ हे प्रारूप वापरले गेले. त्यात देशाचे सुमारे ५० किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडलेले असतात. मिळालेले आकडे पुढे पिकांच्या वा नद्यांच्या प्रारूपांत घातले जातात. प्रत्येक पायरीवर अनिश्चितता वाढते. म्हणूनच पश्चिम घाटातील सिंचित भाताचे उत्पन्न ५ टक्के वाढण्यापासून ११ टक्के घटण्यापर्यंत काहीही होऊ शकते आणि बहुतेक भागात सुमारे ४ टक्के घटेल, अशी उत्तरे हाती येतात. पावसावरच्या भाताची कक्षा तर याहून कितीतरी रुंद आहे. नारळाचे उत्पन्न मात्र बऱ्याच भागात ३० टक्क्यांपर्यंत वाढेल, असे अहवाल म्हणतो. बागायतदाराने आनंदण्यापूर्वी त्यामागची अट वाचावी : पाणी आणि मशागत आजच्याइतकीच मिळाली तर!

तारल्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. हा मासा पूर्वी मुख्यतः ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात मिळत असे. पुढे तो १४ ते २० अंशांपर्यंत पसरल्याचे आढळले. गोवा साधारण १५ अंशांवर आहे. मात्र केरळात २०१२ मध्ये ३.९ लाख टनांच्या आसपास असलेली तारल्याची पकड २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आली. यात पाण्याचे तापमान किती कारणीभूत आणि बेसुमार मासेमारी किती, याचा हिशेब कोणत्याही एका प्रारूपात सहज बसत नाही.

खरी अडचण चौकटीच्या आकाराची आहे. एका चौकोनात २,५०० चौरस किलोमीटर भूमी येते आणि गोव्याचे क्षेत्रफळ आहे ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे क्षेत्रफळाने दीड चौकोनात अख्खे राज्य! सत्तरीचे डोंगर आणि तिसवाडीची खाजने यांतील भेद त्यात कुठून दिसणार?

खाजन हे तर क्षेत्रांच्या वाटणीतही न बसणारे प्रकरण आहे. भरतीच्या पातळीखाली असलेल्या या जमिनीला बांध राखतो. बांधातील मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. त्याच खाजनात पावसाळ्यात कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकते आणि मानशीवर मासळी धरली जाते. बांधाच्या आतल्या विहिरींचे गोडे पाणीही त्याच बांधावर अवलंबून असते. अहवालाने शेती आणि पाणी ही वेगवेगळी क्षेत्रे मानली. बांध फुटला की शेती, मासळी आणि पाणी तिन्ही एकाच रात्री बुडतात.

पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार, १९९३ ते २०१७ या काळात उत्तर हिंद महासागराची पातळी दरवर्षी सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. आकडा क्षुल्लक भासतो. पण बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असेल तेवढाच वेळ मानस उघडी राहते. समुद्र चढला की तो वेळ आखडतो आणि नेमका त्याच वेळी मुसळधार पाऊस कोसळला तर शेतात साचलेल्या पाण्याला वाट उरत नाही. हा धोका मोजण्यासाठी ५० किलोमीटरचा चौकोन कामाचा नाही. प्रत्येक बांधाची उंची, शेताची सर्वांत खोल पातळी, मानस दिवसाकाठी किती तास उघडी राहते आणि मे महिन्यात विहिरीचे पाणी किती खारट होते, या नोंदी गावागावांत घ्याव्या लागतील.