डिस्क कधी बदलायची, हे डिस्कवरच लिहिलेलं असतं

घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं? आधी पुढच्या डिस्क बघा. बहुतेक डिस्कवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. पण मोजताना बाहेरच्या काठावर मोजू नका. तिथे पॅड घासत नाही, कंगोरा उरतो आणि साधा व्हर्नियर फसवतो. पॅड घासतो त्या पट्ट्यात, मायक्रोमीटरने, चार-पाच ठिकाणी मोजा.

जाडी कमी भरली तर डिस्क जोडीनेच बदला, पॅडही नवे घ्या. आणि हे अगदी कळकळीनं सांगतो: हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय नवी डिस्क बसवू देऊ नका! गंजाचा पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित डुलत फिरते, एकसारखी झिजत नाही आणि काही हजार किलोमीटरांत तीच थरथर परत येते.