फंक्शन-कॉलची पुनर्रचना, स्वयंचलित

सी भाषेतील आज्ञावलीत विखुरलेले एकाच धाटणीचे फंक्शन-कॉल ठराविक आकृतिबंधानुसार शोधून संगणकाकरवी बदलण्याची पद्धती. फंक्शन म्हणजे नेमून दिलेले काम करणारा आज्ञासमूह व कॉल म्हणजे त्यास कामास लावणारे विधान. फंक्शनचे नाव वा घटकांचा क्रम बदलल्यास त्याचे सर्व कॉल बदलावे लागतात.

केवळ अक्षरे जुळवून हा बदल निर्धोकपणे होत नाही. कारण तेच नाव टीपांत वा अवतरणांत येऊ शकते आणि एकच कॉल अनेक ओळींवर पसरलेला असतो. म्हणून साधन प्रथम आज्ञावलीचे व्याकरणदृष्ट्या पृथक्करण करते. लिनक्ससाठी जूलिया लॉल व सहकाऱ्यांनी विकसित केलेले ‘कॉक्सिनेल’ हे असे प्रमुख साधन होय. त्याच्या आकृतिबंधात वगळावयाच्या ओळीपूर्वी वजा व घालावयाच्या ओळीपूर्वी अधिक चिन्ह असते. तीन टिंबे मधली कोणतीही विधाने दर्शवितात.

उदा., ‘के-मॅलॉक’ने स्मृती मिळवून ‘मेमसेट’ने ती शून्यांनी भरण्याऐवजी ‘के-झॅलॉक’ हा एकच कॉल पुरतो. मात्र मधल्या विधानांनी त्या स्मृतीत काही लिहिले असल्यास, ‘मेमसेट’ वगळल्यावर ते मूल्य तसेच राहते व आज्ञावलीचा अर्थ पालटतो. ही शक्यता वगळणारी अट आकृतिबंधातच घालावी लागते. ती राहून गेल्यास एकच चूक शेकडो ठिकाणी उमटते. यास्तव बदलांची मानवी तपासणी अपरिहार्य ठरते.

अशा अटींच्या पडताळणीस उपयुक्त असलेल्या प्रदत्त-प्रवाह विश्लेषणावर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उदय खेडकर व सहलेखकांचा इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.