गंजनिर्मूलन, जुन्या मोटार एंजिनाच्या शीतन मार्गांतील

पाण्याने थंड ठेवल्या जाणाऱ्या एंजिनात सिलिंडरांभोवती पाणी खेळविण्यासाठी ओतकामातच पोकळ्या ठेवलेल्या असतात. बिडाच्या एंजिनात या पोकळ्यांच्या भिंतींवर कालांतराने गंज साचतो. तो काढताना खालचे मूळ बीड शक्य तितके राखणे हा या कामातील मुख्य प्रश्न होय, कारण जुन्या गाडीचा सिलिंडर ठोकळा फुटल्यास तसाच दुसरा मिळणे बहुधा अवघड असते.

लोखंड, पाणी व पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन यांच्या विक्रियेने गंज तयार होतो. त्याचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने मार्ग अरुंद होतात. शिवाय त्याची उष्णतासंवाहकता बिडापेक्षा फारच कमी असल्याने भिंतींची उष्णता पाण्याला नीट मिळत नाही. कठीण पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेटाचे किटण आणि ओतकामात उरलेली वाळू यांची त्यात भर पडते.

फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) या गाडीवरून या दोषाचे गांभीर्य लक्षात येते. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर हिच्यातील पाण्याचा पंप काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व रेडिएटरमध्ये थंड झालेले जड पाणी खाली उतरते, एवढ्यावरच तिचे अभिसरण चालते. ६० से. व ९५ से. तापमानांच्या पाण्याच्या घनतांत केवळ सुमारे दोन टक्के फरक असतो. इतक्या अल्प प्रेरणेवर चालणारा प्रवाह थोड्याशा अडथळ्यानेही मंदावतो व पाणी उकळू लागते.

पद्धती : प्रथम रेडिएटर व रबरी नळ्या अलग करतात, नाही तर सुटलेला गंज रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. सिलिंडर शीर्ष व ठोकळ्याच्या बाजूची झाकणे काढून तारेने गाळ खरवडतात आणि नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाणी सोडतात. चिकटून राहिलेल्या गंजासाठी पुढील उपाय योजतात.

(१) सौम्य विद्राव : सायट्रिक अम्लाचा सुमारे ५ टक्के विद्राव गंज विरघळवितो. एक भाग उसाची मळी व नऊ भाग पाणी यांचे मिश्रणही वापरतात. ते लोखंडाला फारसा अपाय करीत नाही, पण त्याला एक ते अनेक आठवडे लागतात. अम्ले व मळी ॲल्युमिनियम आणि जस्त यांना खातात, म्हणून अशा धातूंचे भाग आधी काढून घ्यावे लागतात.

(२) विद्युत् विच्छेदन : धुण्याच्या सोड्याच्या विद्रावात सुट्टा ठोकळा बुडवून तो ऋणाग्र करतात व साध्या लोखंडाची सळई धनाग्र म्हणून वापरतात. यात मूळ धातू झिजत नाही. मात्र धनाग्राच्या समोर येणाऱ्या पृष्ठभागावरच परिणाम मुख्यत्वे होतो, म्हणून भिंतीला न टेकविता सळई पोकळीत उतरवावी लागते. निर्माण होणारा हायड्रोजन स्फोटक असल्याने जागा हवेशीर व ज्योतीपासून दूर असावी. अगंज पोलादाचे धनाग्र विषारी क्रोमियम संयुगे निर्माण करते, तर विद्रावात मीठ घातल्यास क्लोरीन वायू निघतो. म्हणून दोन्ही वर्ज्य होत.

(३) तीव्र अम्ल : हायड्रोक्लोरिक अम्ल गंज लवकर काढते, परंतु संरक्षक द्रव्य नसल्यास ते बिडावरही जोमाने विक्रिया करते. झिजून पातळ झालेली भिंत त्याने आरपार जाऊ शकते.

काही वेळा एखादी चीर किंवा छिद्र गंजानेच बुजलेले असते व सफाईनंतर तेथून पाणी झिरपू लागते. ही गळती सफाईने नव्याने उत्पन्न झालेली नसून आधीच असलेली उघडी पडलेली असते. म्हणून एंजिन जोडण्यापूर्वी पोकळीत पाणी भरून तपासणी करतात.

अम्ल वापरल्यास खाण्याच्या सोड्याच्या विद्रावाने त्याचा अंश नाहीसा करून स्वच्छ पाण्याने धुतात. उघडे पडलेले ओले बीड काही तासांतच पुन्हा गंजते, म्हणून शीतक लगेच भरणे आवश्यक असते. त्यासाठी मृदू पाणी व गंजरोधक द्रव्ये मिसळलेले एथिलीन ग्लायकॉल वापरतात. एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने ते मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवतात. पाणी काढून ओलसर ठेवलेल्या पोकळीत हवेचा ऑक्सिजन सहज पोहोचतो, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीतही असे शीतक भरून ठेवणे हितावह असते.