विहीर आणि आपण (भाग 6) : टीडीएस सांगत नाही ते

मागच्या भागात विहिरीत पाणी येतं कुठून ते पाहिलं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. बोदवड तालुक्यातल्या बहुतेक विहिरी या मुरमाच्या आणि भेगांच्या पाण्यावर चालतात. या वेळी ते पाणी पिण्याबद्दल बोलू.

गावात राहणारा माणूस म्हणेल, आम्हाला ओडीए योजनेचं नळाचं पाणी आहे. आहे खरं, पण ते किती दिवसांनी येतं हे बोदवडकराला विचारून त्याच्या जखमेवर मीठ चोळण्यात अर्थ नाही. आणि मळ्यात राहणाऱ्याला, सालदाराच्या कुटुंबाला, कापूस वेचायला आलेल्या बायांना तर विहिरीशिवाय दुसरं पाणीच नाही. मोटार चालू केली की पाइपाला तोंड लावायचं. पाणी निवळशंख दिसतं, गार लागतं, गोडही लागतं, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरत नाही.

शंका येते ती मशीन विकणारा दारात येतो तेव्हा. त्याचा प्रयोग बहुतेकांनी पाहिला असेल. ओट्यावर दोन काचेचे ग्लास, एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या बुडवायच्या आणि बटण दाबायचं. मिनिटभरात विहिरीच्या ग्लासात तपकिरी-हिरवट लोळ उठतात, वर फेस येतो. शेजारचा ग्लास मात्र जसाच्या तसा. घरातली म्हातारी तोंडावर पदर घेते आणि सौदा तिथेच ठरतो.

आता तो गाळ कशाचा? पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. म्हणजे दिसते ती घाण कांडीची. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि गंजही सुटत नाही. पुढच्या वेळी त्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटण दाबायला सांगा. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

टीडीएसच्या मीटरचंही असंच. तो क्षारांचा अंदाज देतो, बाकी काही नाही. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 10500 प्रमाणे, टीडीएस लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावा. मीटरवर 300 आकडा दाखवणाऱ्या पाण्यात अतिसाराचे जंतू असू शकतात आणि 900 दाखवणारं पाणी निर्धोक असू शकतं. विहिरीच्या पाण्याची दुखणी तीन : जंतू, नायट्रेट आणि क्षार. तिन्हींचे उपाय वेगळे. आपल्याकडे गडबड होते ती एकाचं औषध दुसऱ्याला देण्यात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त पैसा खर्च होतो तो तिन्हींतल्या सगळ्यांत निरुपद्रवी दुखण्यावर.

आधी जंतू. साठी ओलांडलेल्या बऱ्याच मंडळींनी लहानपणी गावात नारू झालेला माणूस पाहिलेला असतो. पायावर फोड येई, तो फुटून हातभर लांबीचा पांढरा दोऱ्यासारखा कृमी बाहेर पडे आणि तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बसावं लागे. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाय बुडवून पाणी भरायचा. फोडातून कृमीची पिल्लं पाण्यात पडायची, पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म किडा ती गिळायचा आणि तो किडा पाण्याबरोबर पुढच्याच्या पोटात. या रोगावर लस नव्हती, औषध नव्हतं. तरी तो गेला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठडे बांधले, पाण्यात औषध टाकलं आणि घरोघरी फडक्याने पाणी गाळायला लावलं. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचा दाखला दिला.

फडक्याची मात्रा इथे चालली, कारण सायक्लॉप्स फडक्यात अडकतो. जंतू त्याच्या कितीतरी पटींनी लहान. बांगलादेशात जुनी सुती साडी चारपदरी करून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण 48 टक्क्यांनी कमी झाले, हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात म्हणून त्यांच्याबरोबर फडक्यात अडकले. तरी निम्मे रुग्ण राहिलेच. तेव्हा गाळणं सोडू नका, पण त्यावर थांबूही नका.

पुस्तकं सांगतात की विहीर गोठा, उकिरडा, शोषखड्डा यांच्यापासून निदान 50 फूट लांब आणि चढाला असावी, बांधकाम 20 फूट खोलीपर्यंत पक्कं असावं, वर अडीच फुटांचा कठडा आणि भोवती सिमेंटचा ओटा असावा. हे सगळं बरोबर आहे, पण 50 फुटांचा हिशेब मातीतून झिरपणाऱ्या पाण्याचा आहे. माती पाणी गाळते. आपल्या खडकातली भेग काही गाळत नाही, ती नळीसारखी पाणी पोहोचवते. भेग शोषखड्ड्याखालून जात असेल तर 100 फूटही पुरणार नाहीत. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या पाण्याला सगळ्यांत जास्त भ्यावं. चार महिने रानात, गोठ्याभोवती, बांधावर साचलेलं सगळं त्या पाण्याबरोबर खाली उतरतं.

यावर उपाय जुनाच, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्याच्याही आधी, इंग्रजी अमदानीत पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकत. आग्र्याच्या हँकिन नावाच्या शास्त्रज्ञाने ही पद्धत रूढ केली. पाणी गुलाबी-जांभळं व्हायचं आणि लोकांना धीर यायचा. रंग दिसला की औषध लागू पडलं असं वाटतंच. क्लोरीनला तसा रंग नाही, वास आहे, आणि त्या वासापायीच लोक तो टाळतात.

प्रमाण काढायला सोपं आहे. विहिरीचा व्यास फुटांत घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी 22 ने. आलेला आकडा म्हणजे ढोबळमानाने लिटर. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर 20 × 20 × 10 × 22, म्हणजे 88,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर 220 ग्रॅम पावडर लागते. पावडर कोरडी भिरकावायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करायची, दहा मिनिटं ठेवायची, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतायची आणि ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हिसके द्यायचे. तळाचा चुना बाहेर टाकायचा, विहिरीत नाही. निदान तासभर पाणी उपसायचं नाही. रात्री टाकून सकाळी भरलेलं उत्तम. पाणी गढूळ असेल तर माती आणि कचराच क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून असं पाणी घरी भरून आधी तुरटीने निवळायचं, गाळायचं आणि मग क्लोरीनचं द्रावण घालायचं.

पावडर ताजी हवी. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात तो उडून जातो आणि मागे राहतो तो नुसता चुना. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाण्यातला क्लोरीन तपासायचं ओटीचं द्रावण असतं. पाण्यात दोन-तीन थेंब टाकले की पिवळी झाक यावी. ती आली नाही तर पाणी शुद्ध झालेलं नाही, मग पावडर कितीही टाकलेली असो.

दुसरं दुखणं नायट्रेट. याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. कपाशीला आणि मक्याला टाकलेल्या युरियातला पिकाने न घेतलेला भाग, गोठ्यातलं मूत, उकिरड्याचा पाझर, शोषखड्डा, सगळ्यांतून शेवटी नायट्रेट तयार होतं. ते मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली जातं. त्याला रंग, वास, चव काही नाही. मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम, आणि तिच्यात कसलीही सूट नाही. केंद्रीय भूजल मंडळाने महाराष्ट्रातल्या ज्या जिल्ह्यांची नावं यासाठी घेतली आहेत, त्यांत बुलढाणा, अमरावती यांच्याबरोबर जळगावही आहे.

1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरने शेतावरच्या घरांतली निळसर पडणारी तान्ही बाळं पाहिली आणि त्याचा संबंध विहिरीच्या पाण्याशी जोडला. पावडरचं दूध त्या पाण्यात कालवून पाजलं जात होतं. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते सोसत नाही. आईच्या दुधावरच्या बाळाला हा धोका नाही. घरात बाटलीचं बाळ असेल तर मात्र पाणी तपासल्याशिवाय वापरू नये. आणि आपण काय करतो? बाळासाठी पाणी चांगलं खळखळ उकळतो. उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात नायट्रेट उलट वाढतं. टीसीएलचाही त्यावर उपयोग नाही. इथे आरओ कामाला येतो. अहवालात नायट्रेट जास्त आलं तर मशीनवर पैसे खर्च करावेत, आणि तेही पिण्या-स्वयंपाकापुरत्या पाण्यासाठी. घरच्या मशीनमधून भरतं त्याहून जास्त पाणी वाया जातं, ते धुण्या-सारवण्याला घ्यावं.

तिसरं क्षार. माठाला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, बट्टीबरोबरचं वरण काही केल्या एकजीव होत नाही आणि मग सोड्याची चिमूट पडते. बुलढाणा-अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात हा खरोखर जिवावरचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या बहुतेक विहिरींत तो स्वयंपाकघरातला वैताग आहे, एवढंच.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जळगावला आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी बायकांना तपासणीचे संच देऊन शिकवलंय, त्यांच्याकडे जंतूंसाठी एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून घरात ठेवायचं, दूषित असेल तर दिवसा-दोन दिवसांत ते काळं पडतं. विहिरीच्या मालकाने ती काळी बाटली एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. रासायनिक तपासणीला लिटरभराचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावा. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून मिळते. ती मात्र विसळायची नाही, आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, कितीही घासलेला असला तरी, यासाठी नेऊ नका.

पुढच्या भागात : आडवे बोअर मारल्यावर जुन्या विहिरीच्या पाण्याची चव का बदलते.