पद्मिनीत गारवा

एप्रिल-मेमध्ये धाराशिवला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जिवापाड जपलेली प्रीमियर पद्मिनी दुपारी बाहेर काढवत नाही. एसी बसवावा का? जरूर, पण आधी हिशेब करावा.

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. कॉम्प्रेसर त्याच इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. बटण दाबलं की त्याचा क्लच ‘टक्’ करतो आणि इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो. उभ्या गाडीत ते बंद पडू नये म्हणून कार्बोरेटरचं आयडलिंग थोडं वाढवावं लागतं.

खरी अडचण उष्णतेची. एसी आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती टाकणारा कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या पुढ्यात, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. तुळजापूरच्या घाटात वेग कमी, वारा कमी, भार मात्र जास्त. काटा लाल खुणेकडे सरकतो. म्हणून मोठा रेडिएटर आणि कंडेन्सरला विजेचा पंखा हवाच. तो पंखा आणि आतला ब्लोअर जुन्या डायनामोला झेपत नाहीत, अल्टरनेटर लागतो.

मूळ डॅशबोर्डला मात्र भोकं पाडू नका, ही कळकळीची विनंती. त्याखाली टांगायचं कूलिंग युनिट घ्या. आणि घाटात काटा चढू लागला, तर एसी बंद करून काचा उतरवा.